एकच दोरी

नाईट सुटली की घरी जाऊन झोपायचं, हा आमच्याकडचा साधा नियम. तारापूरच्या एमआयडीसीत मी तो वर्षानुवर्षं पाळत आलो. सकाळी सातला गेटवर पंचिंग करायचं, बोईसरला नवापूर नाक्यावर एक कटिंग घ्यायचा आणि घरी पडदे ओढून दुपारपर्यंत आडवं व्हायचं. पण दिवाळी उलटली, जमीन वाळून घट्ट झाली, की रविवारी हा नियम मी मोडतो. गाडी घराकडे न वळवता पास्थळ, कुरगाव मागे टाकत थेट चिंचणीला जातो. तिथे एका जुन्या मित्राच्या परसात चार-पाच जण आधीच जमलेले असतात. वहिनींनी चहा ठेवलेला असतो. आणि माडांच्या सावलीत, झाडून पाणी मारलेल्या जमिनीवर आठ गोळे मांडलेले असतात. चार तांबडे, चार हिरवे.

त्या वेळी वारा अजून जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. तो मतलई वारा. नऊ-साडेनऊला तो पडतो. मग थोडा वेळ पानसुद्धा हलत नाही. आणि मग समुद्रावरून खारा वारा सुटतो, झावळ्या सळसळू लागतात, ऊन विहिरीपर्यंत येतं. आमचा खेळ मतलई पडेपर्यंत चालतो. तेवढीच आमची सकाळ.

खेळाचं नाव बोची. मूळ इटलीतला. नाव परकं, पण गोळा हातात घेतला की दोन मिनिटांत तो ओळखीचा होतो. आधी एक लहान चेंडू पुढे टाकायचा. मग दोन्ही बाजूंनी आपापले गोळे त्याच्या दिशेने सोडायचे. सगळे गोळे संपले की ज्याचा गोळा लहान चेंडूच्या सर्वांत जवळ, त्याला गुण. एवढंच. गल खणून गोट्या खेळलेल्या माणसाला यात नवं काही शिकावं लागत नाही. फरक एकच, गोटी बोटावर बसते आणि हा गोळा तळहात भरून टाकतो. सोललेल्या नारळाएवढा, वजनाला किलोला थोडा कमी. नियमाप्रमाणे याचं मैदान साठ फूट लांब आणि बारा फूट रुंद असतं. आमच्या परसात तेवढी जागा कुठली? विहिरीपासून शेवग्यापर्यंत जेवढी मिळाली, तेवढी आम्ही चोपून सपाट केली आणि दोन्ही बाजूंना नारळाची सोडणं ओळीने लावली. झालं मैदान.

या खेळात माणसाचा धंदा हातातून दिसतो. आमच्यात एक मांगेला मित्र आहे, वर्षानुवर्षं होडीवर गेलेला. तो गोळा जाळं फेकल्यासारखा कमरेतून सोडतो आणि गोळा हवेत जराही न डगमगता जमिनीला लागतो. दुसरे एक गृहस्थ वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ते आधी वाकून जमिनीचा उतार बघतात, एक काडी बाजूला करतात, पुन्हा मागे येतात, मग सोडतात. माझा स्वतःचा हात व्हॉल्व्हवर तयार झालेला. पाव फेऱ्याने किती दाब चढतो, हे काट्याकडे न बघता कळायला लागतं, तसा गोळ्याचा वेग मला मनगटात कळतो. पण आमच्यात सगळ्यांत चांगला हात यांपैकी कुणाचाच नाही. तो आहे मित्राच्या धाकट्या मुलाचा.

घरात त्याला धाकटाच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. तो आता तेवीस वर्षांचा आहे. त्याला बोलायला वेळ लागतो. पैशांचा हिशेब जमत नाही. एका वेळी दोन कामं सांगितली तर तो गोंधळतो. तो लहान होता तेव्हा माझा मित्र आणि वहिनी त्याला घेऊन पालघरपासून मुंबईपर्यंत किती दवाखान्यांच्या पायऱ्या चढले, याचा हिशेब त्यांनीही सोडून दिला आहे. पुढे विशेष मुलांच्या शाळेत तो रमला. बोची तो तिथेच शिकला. शाळा संपली तेव्हा त्याच्याकडे आपला म्हणावा असा हा एकच खेळ होता, आणि खेळायला कुणी नव्हतं. शाळेतले सोबती आपापल्या गावी पांगलेले. मग बापाने गोळ्यांचा संच आणला आणि आम्हाला बोलावलं. “रविवारी या रे,” एवढंच तो म्हणाला होता. कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

त्या लहान चेंडूला आम्ही लिंबू म्हणतो, त्याचीही एक गोष्ट आहे. पहिल्याच हंगामात तो चेंडू विहिरीत पडला. खेळ थांबला. धाकटा काही न बोलता उठला आणि कुंपणाजवळच्या कागदी लिंबाचं एक पिकलेलं लिंबू तोडून घेऊन आला. ते लिंबू पुढे टाकलं की कधी सरळ जायचं, कधी देठाच्या बाजूने वळून भलतीकडेच जायचं. पण त्या सकाळचा खेळ त्यावर निभावला. दुपारी विहिरीतला चेंडू काढला, तोवर नाव पडलं होतं.

लिंबू म्हटलं की आपल्याकडच्या कुणालाही पुढचा शब्द आठवतो. लिंबूटिंबू. लहानपणी लगोरी असो, लपंडाव असो की आट्यापाट्या, धाकटं भावंड रडत मागे लागलं की आई आतून ओरडायची, “अरे, त्यालाही घ्या.” मग आम्ही त्याला घ्यायचो, लिंबूटिंबू म्हणून. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही. तो पकडला गेला तरी बाद होत नाही. त्याने लगोरी लावली तरी ती कुणी धरत नाही. तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, घामाघूम होतो आणि संध्याकाळी खूश होऊन घरी जातो. लहान मुलाला सामावून घेण्याची ही आपली फार मायेची रीत. ती कुणी शिकवली नाही, गल्लीगल्लीत ती आपोआप चालत आली. तिच्याविषयी माझ्या मनात आजही आदरच आहे. कारण लिंबूटिंबू चार-पाच वर्षांचा असतो. वर्षा-दोन वर्षांत एक दिवस असा येतो, की तो स्वतःच पाय आपटून सांगतो, “मी आता लिंबूटिंबू नाही.” आणि त्याच्यावर राज्य येतं.

धाकट्याच्या आयुष्यात तो दिवस आलाच नव्हता. इतकी वर्षं तो आळीत सगळ्यांबरोबर होता आणि इतकी वर्षं लिंबूटिंबू होता. गणपतीत त्याच्या हातात झांज द्यायची, पण तो कसा वाजवतो हे कुणी ऐकायचं नाही. क्रिकेटमध्ये शेवटच्या ओव्हरला त्याच्या हातात बॅट, बॉल अलगद टाकायचा, आउट झाला तरी “नो बॉल” म्हणायचं. कुणी वाईट नव्हतं त्यात. सगळे त्याच्यावर जीव टाकणारे. आणि मीही त्यातलाच होतो, हे मला ज्या सकाळी कळलं, ती सकाळ मला सांगायची आहे.

तो दुसरा की तिसरा रविवार असेल. शेवटचा गोळा धाकट्याचा होता. त्याने सोडला, चांगला सोडला, पण लिंबाच्या अलीकडे वीतभर राहिला. माझा गोळा त्याच्यापेक्षा चार बोटं जवळ होता. मोजायला सगळे पुढे निघाले. सगळ्यांत पुढे मी होतो. जाताजाता मी पायाच्या अंगठ्याने त्याचा गोळा हलकेच पुढे सरकवला. कुणाला दिसलं नाही, असं मला वाटलं. मग मीच म्हणालो, “अरे व्वा, धाकट्याचाच जवळ!” मित्र हसला. मांगेल्या मित्राने टाळी वाजवली.

धाकटा जवळ आला. खाली बसला. आपला गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि जमिनीकडे बघू लागला. ओलसर मातीत गोळा जिथे आधी थांबला होता, तिथे वाटीएवढी खळगी उमटली होती. त्याने गोळा बरोबर त्या खळगीत परत ठेवला. मग माझ्याकडे बघून एकच शब्द बोलला.

“काका, दोरी.”

आमची दोरी परसदारच्या खिळ्यावर लटकत असते. जाळं विणायच्या दोऱ्याचा हातभर तुकडा, एका टोकाला गाठ मारलेला. मांगेल्या मित्राने दिलेला. गाठ लिंबावर धरायची, दोरा गोळ्यापर्यंत ताणायचा, जिथे टेकेल तिथे चिमटीत पकडायचा आणि ती चिमूट न सोडता दुसऱ्या गोळ्याकडे फिरवायची. दोरी उरली तर तो दुसरा जवळ, कमी पडली तर तो लांब. मी दोरी आणली. त्याने मोजलं. माझा जवळ होता. तो उठला, खडूने पाटीवर माझ्या बाजूला एक रेघ ओढली आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला.

तो हरला म्हणून रुसला, असं इतरांना वाटलं. मला ठाऊक होतं, तो हरण्याने दुखावला नव्हता. त्याचा गोळा मी मोजण्याआधीच निकालात काढला होता, ते त्याला लागलं होतं. मी त्याला गुण दिला आणि खेळ काढून घेतला. पाच-सहा मिनिटांनी तो स्वतःच उठून आला आणि त्याने लिंबू हातात घेतलं. त्यानंतर आजपर्यंत मी कधी पाय पुढे केलेला नाही.

त्या रात्री नाईटला कंट्रोल रूममध्ये बसलो असताना हीच गोष्ट मनात घोळत होती. माणसाला खेळात घेणं आणि माणसाचा डाव मोजणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली आपण सहज करतो, कारण तिने आपल्यालाच बरं वाटतं. दुसरीसाठी खाली वाकून दोरी लावावी लागते, आणि दोरी काय सांगेल ते ऐकून घ्यावं लागतं. ती त्याच्या बाजूने बोलली तरी, आणि विरुद्ध बोलली तरी.

मग या खेळाच्या मागे कोण माणसं उभी आहेत, ते मी हळूहळू वाचू लागलो. धाकट्याच्या शाळेत बोची आली ती स्पेशल ऑलिम्पिक्सच्या चळवळीतून. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंची ही चळवळ आज जगभर आहे. आपल्याकडे स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था तिचं काम बघते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत आशिया-पॅसिफिक विभागाची बोची आणि बोलिंगची स्पर्धाही झाली. पण तिची सुरुवात कुठे झाली, ते वाचलं तेव्हा मी थबकलो. अमेरिकेत मेरिलँडमध्ये युनिस केनेडी श्रायव्हर या बाईंनी १९६२ च्या उन्हाळ्यात, आपल्या घराच्या मागच्या आवारात अशा मुलांसाठी खेळांचं शिबिर भरवलं. त्यांची सख्खी थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. भाऊ जॉन तेव्हा देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. मोठमोठ्या सभागृहांची दारं त्यांना उघडी होती, पण सुरुवात झाली ती परसातून. सहा वर्षांनी, जुलै १९६८ मध्ये, शिकागोच्या मैदानावर पहिली स्पर्धा झाली तेव्हा हजाराच्या आसपास खेळाडू उतरले होते.

या चळवळीची एक रीत मला फार मोलाची वाटते. तिथे खेळाडूंचे गट ताकद बघून पाडतात. साधारण सारख्या क्षमतेचे खेळाडू एका गटात येतात, आणि मग त्यांच्यात खरीखुरी स्पर्धा होते. खरी, म्हणजे हरता येण्याजोगी. आणखी एक प्रकार आहे, युनिफाइड नावाचा. त्यात दिव्यांग आणि बिगर दिव्यांग खेळाडू एकाच संघात, खांद्याला खांदा लावून खेळतात. आमच्या परसात आम्ही नकळत तेच करत होतो. फक्त दोरी लावायला आम्हाला धाकट्याने शिकवलं.

आपल्या मुंबईतही हे बीज जुनं आहे. जय वकील या बाईंनी आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ साली शाळा सुरू केली. तेव्हा अशा मुलांना घरात, मागच्या खोलीत ठेवायचं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ साली कामायनी ही शाळा उभी केली. या बायकांनी मुलांना खोलीतून अंगणात आणलं. ते काम केवढं मोठं होतं, हे आज त्या अंगणात उभं राहून कळतं. अंगणात आल्यावर त्यांचा डाव मोजायचा, हे पुढचं काम मात्र कुणा संस्थेवर सोपवून भागत नाही. ते आळीतल्या, घरातल्या, ओळखीच्या माणसांनाच करावं लागतं.

बोचीच्या घराण्यातला आणखी एक खेळ आहे, फ्रान्समधला पेतांक. त्याची जन्मकथा मी आमच्या मंडळींना एका रविवारी चहा पिताना सांगितली. दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठी ला सिओता नावाचं गाव आहे. तिथे गोळा टाकण्याआधी दोन-तीन पावलं धावण्याची रीत होती. ज्यूल लन्वार नावाचा एक उत्तम खेळाडू संधिवाताने जखडला. धावणं संपलं, म्हणून खेळही संपला, आणि तो बाजूला खुर्ची टाकून नुसता बघत बसू लागला. त्याचा मित्र एर्नेस्त पितिओ याला ते पाहवेना. १९०७ च्या सुमाराला त्याने एक नवा नियम काढला. मैदान आखूड करायचं आणि सगळ्यांनीच दोन्ही पाय जमिनीला रोवून, जागचं न हलता गोळा टाकायचा. पेतांक या नावाचाही अर्थ तोच, रोवलेले पाय.

गोष्ट संपली तेव्हा निवृत्त गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे त्याला सवलत नाही दिली. सगळ्यांनीच पाय रोवले.” मला जे नेमकं सापडत नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पितिओला सोपं होतं, मित्राला म्हणायचं, “तू धावू नकोस, तुझं चालेल.” तसं म्हटलं असतं तर तो त्या दिवसापासून लिंबूटिंबू झाला असता. त्याने मैदान बदललं, दोरी तीच ठेवली. आज जगभर लाखो धडधाकट माणसं पाय रोवून खेळतात, आणि एका मित्राच्या दुखऱ्या सांध्यांमुळे आपण असे उभे आहोत, हे बहुतेकांच्या मनातही येत नसेल.

बोचीचा आणखी एक नियम मला सुरुवातीला चमत्कारिक वाटला होता. पहिले दोन गोळे पडले की पुढची पाळी कुणाची? ज्याचा गोळा लिंबापासून लांब, त्याची. तो जवळ पोचेपर्यंत टाकत राहायचं, ज्याचा जवळ आहे त्याने थांबायचं. एरवी जगात ज्याचं भलं चाललंय त्यालाच आणखी संधी मिळत जाते. आमच्या कारखान्यातही नवं मशीन आलं की शिकायला पाठवतात ते आधीच शिकलेल्याला. इथे मागे पडलेल्याच्या हातात गोळा येतो, आणि पुढे असलेला शांतपणे बाजूला उभा राहून वाट बघतो. कुणी कुणाला दिलेली ही सवलत नाही. नियमच तसा आहे, आणि तो सगळ्यांना लागू आहे. आज मी लांब, उद्या तू.

ही दोरी डोळ्यांपुढे आली की मला आपल्या घरांत, कामाच्या ठिकाणी किती लिंबूटिंबू बसलेले आहेत ते दिसू लागतं. निवृत्त झालेले वडील. आपण त्यांना मोठ्या आदराने विचारतो, “बाबा, तुम्हाला काय वाटतं?” ते सांगतात, आपण मान डोलावतो, आणि जे आधीच ठरवलेलं असतं तेच करतो. नवी सून. पंगतीत तिला पहिलं वाढतात, पण घराचा व्यवहार बोलायला बसतात तेव्हा ती चहा करायला आत असते. आमच्या प्लांटमध्ये दहा-दहा वर्षं काम केलेला कंत्राटी कामगार. पंपाचा आवाज बदलला की इंजिनिअरच्या आधी त्याला कळतं. मीटिंगमध्ये त्यालाही खुर्ची असते. पण तो जे सांगतो ते वहीत उतरत नाही. यातल्या कुणालाही आपण हाकलून दिलेलं नसतं. सगळे खेळात असतात. फक्त त्यांचा गोळा पडतो तिथे कुणी दोरी घेऊन जात नाही.

आणि हे त्या माणसाला कळत नाही, अशी आपली समजूत असते. धाकट्याने माझी ती समजूत कायमची मोडली. ज्याला पैशांचा हिशेब जमत नाही, त्याला मातीतली खळगी अचूक दिसली होती. आपल्याला मोजलं जातंय की नुसतं सांभाळलं जातंय, हे ओळखायला फार बुद्धी लागत नाही. ते लहान मुलालाही कळतं आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीलाही.

माझा मित्र फार बोलत नाही. पण एकदा सगळे गेल्यावर, गोळे पेटीत भरताना तो म्हणाला, “आमच्यामागं याचं कसं व्हायचं रे?” अशा मुलाच्या प्रत्येक आईबापाला झोपू न देणारा हा प्रश्न. त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नव्हतं, आजही नाही. अशा सज्ञान मुलांना कायदेशीर पालक नेमता यावा म्हणून १९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही त्यांना बरंच काही दिलं आहे. त्या कागदांसाठी मी त्याच्याबरोबर पालघरला जिल्हा मुख्यालयात जाऊन आलो. कागद हवेतच. पण परत येताना उमरोळी गेल्यावर गाडीत तो म्हणाला, “सही करणारा पालक मिळंल. रविवारी याच्याशी खरं खेळणारं कोण मिळंल?” मी त्याच्या हातावर हात ठेवला. तेवढ्या एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर होतं.

म्हणून नाईटने डोळे कितीही जड झाले तरी रविवारी गाडी चिंचणीला वळते. मी तिथे कुणावर उपकार करायला जात नाही, हे मला आता स्वच्छ कळतं. आठवडाभर मला कुणी इतक्या काळजीने मोजत नाही, जितकं तो मुलगा मोजतो. माझा गोळा कुठे पडला, हे बघायला तो प्रत्येक वेळी गुडघ्यावर बसतो. ढिलाई करून टाकला तर त्याला कळतं, तो नुसता बघतो. चांगला पडला तर म्हणतो, “हां काका.” त्याच्या त्या “हां काका”साठी मी माझा हात जपतो.

आज दिवसाची सुरुवात करताना एवढंच मनात येतं. आपल्या रोजच्या वर्तुळात असं एखादं माणूस असेल, ज्याला आपण प्रेमाने सोबत घेतलं आहे आणि तिथेच थांबलो आहोत. आज त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकावं. पटलं तर तसं वागावं. पटलं नाही तर ते त्याच्या तोंडावर सांगावं, जसं आपल्या बरोबरीच्या माणसाला सांगतो. त्याने केलेलं काम चांगलं नसेल तर “छान छान” न म्हणता कुठे चुकलं ते दाखवावं. दोरी लावावी. तिच्यात जेवढी माया आहे, तेवढी पायाने गोळा सरकवण्यात नाही.

गेल्या रविवारी शेवटचा डाव होता. दोन्ही बाजू अकरा-अकरा. बारा झाले की आम्ही थांबतो. माझा हिरवा आणि धाकट्याचा तांबडा, दोन्ही लिंबाच्या दोन बाजूंना, डोळ्यांना अगदी सारखेच. मतलई पडला होता. सगळे गोल करून उभे राहिले. कुणी काही बोलेना. वहिनी परसदारात येऊन उभ्या राहिल्या, हातात पिठाची परात तशीच. त्याचा जवळ निघावा, असं त्या क्षणी तिथल्या प्रत्येकाला वाटत होतं. मलाही. पण पाय मी मागे घेतले.

धाकट्याने खिळ्यावरची दोरी आणली. गाठ लिंबावर धरली. आधी आपल्या गोळ्यापर्यंत ताणली, चिमटीत पकडली, मग माझ्याकडे फिरवली. एकदा मोजून त्याचं समाधान झालं नाही. त्याने गाठ नीट बसवली आणि उलट बाजूने, आधी माझा मग त्याचा, असं पुन्हा मोजलं. त्याच्या गोळ्याला दोरी कमी पडली, तांदळाच्या दाण्याएवढी. ते त्याने बराच वेळ बघितलं.

मग वर बघून म्हणाला, “काका, तुमचा.”

पाटीवर त्याने माझी बारावी रेघ ओढली. दोरी गुंडाळून खिळ्याला लावली. लिंबू उचलून हाताने पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. जिंकणाऱ्याने पुढच्या डावाचं लिंबू टाकायचं असतं. झावळ्या हलायला लागल्या होत्या, ऊन विहिरीला टेकलं होतं, आणि घरी जायची वेळ झाली होती. तरी मी मागे जाऊन रेघेवर पाय रोवले, आणि लिंबू टाकलं.